सरकारी सुतक

तेरा दिवसांचं सुतक कोणत्या पोथीत लिहिलेलं होतं, ते आधी सांगा. नमस्कार मंग करतो. इतकी वर्षं राह्यला तसा दोन ओळी आणखी राहीन, त्याचं काही अडत नाही. त्या दिवशी कागद तुमच्या हातात होता, चष्मा तुमच्या डोळ्यावर होता, अन् समोर शाळेच्या ओसरीवर आम्ही तिघं तोंड वर करून बसलो होतो: मी, माहा घरवाला अन् त्याची माय. चिमणीची पिल्लं चोच उघडून बसतात तसे. तुम्ही तेरा म्हणले अन् आम्ही तेरा गिळले. बारा म्हणले असते तर बारा गिळले असते.

घ्या आता नमस्कार, गुरुजी. ओळख पटली नसन तर सांगतो. पिंपळगाव राजाच्या शाळेत खिडकीखाली बसणारी, नाक ओढणारी, दुसरीतून उठवून नेलेली पोरगी ती मी. लग्न होऊन मी इकडं जानेफळच्या बाजूले आली, अन् काही वर्षांनी तुमची बदली नेमकी माह्या सासरच्या गावात झाली. तुम्ही मले विहिरीवर पाह्यलं अन् म्हणले, "अगं, तू इकडे कशी?" जशी काही मी तुमची वही चोरून पळाली होती. माहेरचं माणूस दिसलं म्हणून मले बरं वाटलं, खोटं काऊन बोलू. नागपंचमीले मी तुम्हाले कानोले नेऊन दिले. गावची लेक म्हणून तुम्ही माह्या घरवाल्याले जावईबापू म्हणाले लागले. तो पलटणीत खोदाईवाला, सहीपुरतं शिकलेला, अन् ती सही बी पलटणीतच शिकलेला. शिकलेल्या माणसानं आपल्याले बापू म्हणलं म्हणून तो तुमच्यापुढं कधी मांडी घालून बसला नाही. उकिडवाच बसे.

तुमच्या शाळेतला मले एकच दिवस धड आठवतो. तुम्ही फडक्यातून तुमची दुपारची भाकर काढली, ज्वारीची, वर मिरचीचा ठेचा. भाकर मोडून दोन तुकडे केले अन् फळ्यावर मोठ्या अक्षरात 'अर्ध' लिहिलं. मंग विचारलं, आज अर्धी भाकर खाल्ली, उद्या उरलेल्यातली अर्धी, परवा त्यातली अर्धी, तर भाकर किती दिवसांनी संपेल? बोट माह्याकडं. मी म्हणलं चार. चूक. मी म्हणलं आठ. चूक. मंग मी म्हणलं, मले नाही माहीत. तुम्ही रागावले नाही, त्याचंच जास्त भेव वाटलं. तुम्ही म्हणले, "'माहीत नाही' हे उत्तर नसतं. उत्तर सापडेपर्यंत उभी राहा." मी खिडकीचा गज धरून शाळा सुटेपर्यंत उभी राह्यली. तुम्ही भाकर खाल्ली, अर्धी-अर्धी नाही, सबन. पोट्टे खिदळले. माह्या समोर फळ्यावर ते 'अर्ध' तसंच होतं, त्याच्या डोक्यावर तो रफार, बैलाच्या शिंगासारखा. पाहून पाहून ते अक्षर माह्या डोळ्यात छापलं. त्याच आठवड्यात माय बाळंत झाली अन् लेकरू सांभाळाले बापानं मले शाळेतून काढलं. भाकरीचं उत्तर राह्यलं. जोडाक्षरंही राह्यली. तुम्ही ती दिवाळीनंतर शिकवणार होते.

आता जावयाचं सांगतो. त्यांची चिठ्ठी येई ती दुसऱ्याच्या हातची, अन् वाचून दाखवणारे तुम्ही. त्या वर्षी चिठ्ठीत लिहिलेलं असे की आम्ही वाळूत विहीर खांदून राह्यलो. वाळूच वाळू, झाड नाही, अन् विहीर खांदतात. माही सासू म्हणे, बरं झालं, तहानलेल्या लोकायले पाणी पाजण्यासारखं पुण्य नाही. पुढच्या चिठ्ठीत असे की विहीर लय खोल गेली. त्याच्या पुढच्या चिठ्ठीत असे की साहेब लोक दररोज येऊन पाहतात की पाणी तं नाही ना लागलं, अन् नाही लागलं की खुश होतात. आम्ही ते ऐकून हसलो. तुम्हीही हसले. पाणी लागू नये म्हणून देव पाण्यात ठेवलेली अशी विहीर तुम्ही पाह्यली होती काय? मी म्हणलं, यांले काही समजत नाही, उलटं लिहून देलं असन.

मंग उन्हाळ्यात एक दिवस ग्रामपंचायतीच्या रेडिओवर सांगतलं की आपल्या देशानं वाळूखाली अणूचा धमाका केला. तुम्ही शाळेच्या पोरायले रांगेत उभं केलं, फळ्यावर देशाचा नकाशा काढला, वाळूच्या जागी खडूनं गोल केला, अन् खामगावाहून आणलेले पेढे वाटले. माह्या हातावर दोन ठेवले. म्हणले, "तुझ्या नवऱ्याच्या हातचा घाम आहे यात." मले ती विहीर तवा समजली. घरी येऊन मी पेढा सासूले देला अन् म्हणलं, तुमच्या लेकाच्या विहिरीले पाणी नाही लागलं, पेढे लागले.

आखाडात ते सुट्टीवर आले. वाळून कोळ झालेले, कानाच्या पाळ्या सोललेल्या. ट्रंकेतून एक कांबळं काढलं, पलटणीचं, करड्या रंगाचं, जाड, हात फिरवला की उबदार. सांगतलं की ते धमाक्यानंतर आतल्या जागेवर तारा अन् यंत्रं काढाले गेले होते. आत जाताना अंगावर वेगळा डगला, हातमोजे, तोंडाले फडकं. बाहेर आलं की डगला खड्ड्यात टाकायचा, अंघोळ करायची, नखं कापायची. यंत्रं गुंडाळून आणाले कांबळी देली होती, तीही खड्ड्यात पुरायची होती. पन्नास-साठ कोरी कांबळी. त्यांचा जीव कळवळला. तुम्ही सांगा, ज्याच्या घरी थंडीत एका गोधडीत चौघं झोपतात, तो माणूस कोरं कांबळं मातीत घालीन काय? त्यांनी एक घडी करून काढून ठेवलं. साहेबांनी खड्ड्यापाशी एक एक मोजलं नाही. वाळूले मोजदाद नसते, ते म्हणे.

कांबळ्याच्या घडीतच तो कागद होता. तंबूत सगळ्यायले एकदा वाचून दाखवला होता हिंदीत, वाचणारा साहेब भरभर वाचत होता, अन् सगळे जी साहब म्हणून सह्या करून निघाले. यांच्या डोक्यात एवढंच राह्यलं की कागदात घरच्या माणसांबद्दल काही आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं तुमच्याकडं आलो. सासू काऊन आली तर लेक उतरलेला दिसला म्हणून. तुम्ही चष्म्याचा दोरा कानामागं घेतला अन् वाचाले लागले. हिंदी असलं तरी अक्षर आपलंच. कामावरचे कपडे घरात आणू नये. वेगळे ठेवावे. डोक्यावरून अंघोळ करावी. नखं वाढू देऊ नये. हात धुतल्याशिवाय तोंडाले लावू नये. कामावरची कोणतीही वस्तू लेकरांच्या जवळ ठेवू नये. तुम्ही एक एक ओळ वाचत अन् मंग आम्हाले मराठीत सांगत. पाचव्या का सहाव्या ओळीले सासू मधीच बोलली, तिची सवय तुम्हाले माहीत आहे. म्हणली, "इश्य, हे तं सुतक झालं की."

तुम्ही हसले. मंग पुढची ओळ वाचाले गेले अन् थांबले. मले तुमचं तोंड दिसून राह्यलं होतं. तुम्ही चष्मा काढला, पुसला, घातला. यांच्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं, मंग माह्या मांडीवर झोपलेल्या पोरीकडं. तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली, पण ओढली नाही, ती तशीच बोटात राह्यली. मंग म्हणले, "आई म्हणतात ते बरोबर आहे. सुतकासारखंच आहे हे. तेरा दिवस पाळायचं. मग काही नाही."

हे म्हणले, "गुरुजी, खाली आणखी तीन-चार ओळी दिसून राह्यल्या."

"त्या सह्या आहेत."

"सही इतकी लांब?"

"मोठे साहेब असतात ते," तुम्ही म्हणले. अन् कागदाची घडी घालून तुमच्या पुस्तकात ठेवली. "हा माझ्याकडे राहू दे. तुमच्या घरी उंदीर खातील."

उंदीर तुमच्या शाळेत आमच्यापेक्षा जास्त होते, गुरुजी.

ते तेरा दिवस मले आता पाहाले गेलं तर हसू येते, अन् तेवढेच दिवस आमच्या घरी हसण्यासारखे होते. सासूनं लेकाले गोठ्यात झोपाले लावलं. पळसाच्या पत्रावळीवर जेवण, वरून वाढायचं, ताट-तांब्याले हात लावाचा नाही. कांबळं छपराच्या कवेलूवर उन्हात. तेल नाही, फोडणी नाही, देवाले दिवा नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया डोक्यावर पदर घेऊन आल्या अन् दारातच रडाले बसल्या. बरं, रडून झाल्यावर विचारते एक, कोण गेलं व माय? सासू म्हणली, "कोणी गेलं नाही. सरकारी सुतक आहे." बाया उठून गेल्या, पण गावभर झालं की पलटणवाल्यायच्या घरी सरकारी सुतक आलं. न्हावी दाराशी येऊन विचारून गेला की डोकं सरकारच्या खर्चानं भादरायचं का घरच्या. पलीकडच्या गल्लीतले अत्तार चाचा आले, गोठ्याच्या बाहेरून यांच्याशी बोलत बसले, म्हणले आमच्यात चाळीसवा असते, तुमचं सरकार बरं, तेरात सोडते. हे गोठ्यातून हसत. मी कुडाच्या या बाजूनं पत्रावळ सरकवी, ते त्या बाजूनं घेत. लग्न झाल्यापासून इतके दिवस सलग ते माह्याशी कधी बोलले नव्हते, जितके त्या कुडातून बोलले. त्यांनी मले बिल्ल्याचं सांगतलं तेही तिथंच.

छातीवर लावाले सगळ्यायले एकेक बिल्ला देला होता, त्याच्या आत फोटोची फिल्लम. साहेबांनी सांगतलं होतं, हा बिल्ला जपा, जसाच्या तसा जमा करा. यांनी जपला. आत जाताना धूळ लय उडे, घाम लय येई, बिल्ला खराब होईन म्हणून यांनी तो ट्रंकेत मारुतीच्या फोटोमागं ठेवला अन् काम संपल्यावर चकचकीत जमा केला. साहेबानं पाठ थोपटली. मी त्या बिल्ल्याचा अर्थ विचारला तर म्हणले, पाहुण्यायच्या लग्नात लावतात तसा असन, कोण कोणत्या बाजूचा ते समजाले. मीही हो म्हणलं. आपल्यात नवी गोष्ट वापरत नाहीत, ठेवतात.

तेराव्या दिवशी सासूनं गोमूत्र शिंपडलं, यांले नदीवर अंघोळ घातली, कांबळं दगडावर आपटून धुतलं. घरात गोड केलं. तुम्हाले बोलावलं, तर तुम्ही पोट दुखते म्हणून आले नाही. कांबळं वाळलं अन् मी ते पोरीच्या खाली अंथरलं. पाह्यलं, तर हे उभे राहून बघून राह्यले होते. म्हणले, मऊ आहे ना? मी म्हणलं, हाव. सुट्टी संपली, ते गेले.

मंग पाच-सहा वर्षं काही झालं नाही. हेच लिहाले जड जाते. काही झालं असतं तर बरं झालं असतं, लवकर. ते वर्षातून एकदा येत, पेरणी पाहत, कांबळ्याले हात लावत, जात. यांचं तिसावं उलटलं तवा मी मारुतीले गूळ-खोबरं वाटलं. सासूनं विचारलं, कशाचं? मी म्हणलं, सहज. वय कोणाले नक्की माहीत असते. पलटणीच्या कागदावर होतं तेच आमचं वय. त्याच्या दोन वर्षांनी ते पलटण सोडून घरी आले. म्हणले, दम राह्यला नाही. मांडीवर निळे डाग, कुठं आपटल्याचं आठवत नाही. मिसरी लावली की हिरड्यातून रक्त. भाकरीच्या पहिल्या घासाले लाल डाग पडे अन् ते घास फिरवून माह्याकून लपवत. मी पाह्यलं नाही असं दाखवत होती. ते लपवत, मी आंधळी, असा आमचा संसार चालला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं तवा उशीर झाला होता. पोरसवदा डाक्टर होता, चांगला होता, खाली बसून बोले. म्हणला, रक्त तयार होण्याची जागाच बसली आहे. कोणतं काम केलं? हे म्हणले, विहीर खांदली. मी सांगतलं कोणती विहीर. तो पलटणीले लिहितो म्हणला. उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं: याचा बिल्ला साफ होता, आतली फिल्लम काळी पडली नव्हती, म्हणजे याच्या अंगावर काही पडलेलं नाही. डाक्टरनं वाचून दाखवलं. हे खाटेवर हसले, इतके हसले की नाकातून रक्त आलं. म्हणले, "मारुतीवर काही पडलं नाही, एवढं पक्कं झालं." डाक्टरले समजलं नाही. मी सांगतलं नाही. सांगून काय, माणसापेक्षा बिल्ल्याचा शब्द मोठा.

ते गेले तवा तुम्ही आले होते. लिंबाखाली उभे राह्यले, पुढं आले नाही. खऱ्या सुतकाच्या तेराव्याले मात्र तुम्ही दाराशी आले. जेवले नाही. माह्या पोरीसाठी पाटी आणली होती, लाकडी काठाची, नवी, अन् म्हणले, "हिला शिकव. जोडाक्षरं शिकव." पाटीच्या खाली तो कागद होता, तीच घडी. उंदरानं खाल्ला नव्हता. तुम्ही माह्याकडं पाह्यलं नाही अन् मीही विचारलं नाही की आता काऊन देता.  दोन वर्षांत तुम्हीही गेले. तुमच्या मैतीले मी आली नाही. ताप आहे म्हणून सांगतलं. ताप नव्हता.

पोरीसंगं त्या पाटीवर मीही जोडाक्षरं शिकली, पण कागद उघडला नाही; तो पत्र्याच्या डब्यात पडून राह्यला. त्या पोरीची पोरगी आता मेहकरले कालेजात जाते, सायन्स शिकते, माह्यापाशीच राहते. मागल्या महिन्यात राशनकार्ड शोधता शोधता तिनं कागद काढला अन् उभ्या उभ्या वाचला. मी तांदूळ निवडून राह्यली होती. ती म्हणली, "आजी, हे कुठलं? हे तुले कोणी वाचून दाखवलं होतं काय?" मी म्हणलं, अर्धं. ती माह्या समोर बसली अन् जिथं तुम्ही थांबले होते तिथून वाचलं. इस धूल की अर्ध-आयु लगभग तीस वर्ष है.

मी म्हणलं, "माहीत आहे मले. तुह्या आबाचं आयुष्य तिसापर्यंत, अर्धं. कागदानं दोन वर्षं जास्त देली."

ती माह्याकडं पाहतच राह्यली. म्हणली, "आजी, हे आबाचं आयुष्य नोहे. धुळीचं आहे."

"धुळीले आयुष्य असते?"

"हाव. तीस वर्षांनी तिचा जोर अर्धा होते. आणखी तीस वर्षांनी त्याचा अर्धा."

"अन् संपते कवा?"

"तसं पाह्यलं तर संपतच नाही. कमी कमी होत राहते."

मी सूप खाली ठेवलं. गुरुजी, तुमची भाकर. इतक्या वर्षांनी, माह्या ओसरीवर, तांदळाच्या खड्यात मले तुमच्या भाकरीचं उत्तर सापडलं, अन् ते सांगाले तुम्ही नाही. संपत नाही. हेच होतं ना उत्तर? तुम्हाले भाकरीचं माहीत होतं अन् धुळीचं नाही. तुम्ही बी माह्यासारखंच वाचलं: समोर उकिडवा बसलेला सव्वीस वर्षांचा पोरगा, त्याची माय, मांडीवर लेकरू, अन् कागदात धुळीपायी अर्धं झालेलं त्याचं आयुष्य. तुमच्या तोंडून ते निघालं नाही. सासूनं सुतक हा शब्द देला अन् तुम्ही तो दोर धरून वर निघाले, आम्हाले खालीच ठेवून.

मंग नातीनं खालच्या ओळी वाचल्या, त्या सह्या. त्यात लिहिलं होतं की जागेवर गेलेल्या प्रत्येकानं दर सहा महिन्यांनी पलटणीच्या दवाखान्यात रक्त दाखवावं, कायम. अंगावर डाग आले, हिरड्यातून रक्त आलं, दम लागला तर त्याच दिवशी हा कागद घेऊन यावं. चुकून काही वस्तू घरी आली असन तर परत आणून द्यावी, कोणी रागावणार नाही. असं लिहिलं होतं, गुरुजी, कोणी रागावणार नाही. मी नातीले विचारलं, दाखवलं असतं तर वाचले असते काय? ती म्हणली, "मले माहीत नाही, आजी. कोणालेच नक्की सांगता येणार नाही. धुळीनंच झालं का हेही सांगता येणार नाही." कशी चटकन म्हणली. गज धरावा लागला नाही, मान खाली घालावी लागली नाही. मी तिले म्हणलं, तुले तुह्या शाळेत कोणी उभं ठेवलं नाही वाटते. ती म्हणली, काऊन ठेवतीन?

तिनं मोबाइलवरून कुठल्याशा कचेरीले लिहिलं. उत्तर आलं, अशी नोंद सापडत नाही. मले आशा नव्हतीच. आशा हे तरण्या लोकायचं काम.

कांबळं विचारलं तिनं. कुठी आहे म्हणे. ते कांबळं पोरीखाली दोन वर्षं होतं. मंग फाटलं तसं अर्धं गोधडीत घातलं. राह्यलेलं अर्धं बैलाच्या पाठीवर झूल म्हणून गेलं. त्यातलं अर्धं सासूच्या गुडघ्याले बांधाले. त्यातलं फडकं चुलीवरचं भांडं उतरवाले. आता तळहाताएवढा एक तुकडा शिलाई मशीनच्या पायाखाली आहे, मशीन हलू नये म्हणून. माह्या पोरीले काही झालं नाही. तिले दोन लेकरं झाली, दोन्ही ठणठणीत, एक तं फारच तोंडाळ. काही झालं नाही म्हणून मी देवाले हात जोडत नाही. काऊन नाही झालं तेही मले कोणी सांगतलं नाही. नात म्हणते, तुकडा फेक. मी म्हणलं, कुठी फेकू? खड्डा कोण खांदीन?

आता एक गोष्ट राह्यली, ती लिहितो अन् वही मिटतो. तुम्ही कागद वाचत होते तवा मी तुमच्या बाजूनं बसली होती. जोडाक्षरं मले येत नव्हती. रक्त हा शब्द माह्यासाठी नुसता चिखल होता. पण थांबलेल्या ओळीत आधीचे शब्द तुमच्या बोटाखाली झाकले होते, अन् बोटाच्या बाजूले मले बैलाच्या शिंगाचं ते एक अक्षर दिसलं. अर्ध. मंग आयु, ते तं सोपं. मंग तीस. तुम्ही सही म्हणले तवाच मले समजलं की तुम्ही खोटं बोलून राह्यले. मी तोंड उघडलं नाही. तेरा दिवस मले जमण्यासारखे होते, सारा जन्म जमण्यासारखा नव्हता, म्हणून मी तुमचं खोटं पदरात घेतलं. अन् यांच्या भाकरीवर रक्त दिसलं तवा मी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत दवाखान्याचं नाव काढलं नाही. लिहिलेलंच आहे म्हणलं, आता उगाच कशाले नाचवायचं माणसाले. ते तुम्ही नाही केलं. ते मी केलं.

हे पत्र टाकाले जागा नाही. कागदाच्या घडीत ठेवतो, डब्यात. तुम्ही तिघंही आता एकाच ठिकाणी असान, म्हणून सांगून ठेवतो: उत्तर सासूकून नको, ती मधीच बोलते. यांच्याकून नको, ते हसण्यावारी नेतात. तुम्हीच द्या, तुमच्या हातानं. अन् येत नसन तर 'माहीत नाही' एवढंच लिहा. मी उभं ठेवणार नाही.